विमान कोण चालवीत आहे?

एस.टी.त चालकाच्या आसनाजवळ एक सूचना लिहिलेली असते : 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.' माझे वडील एस.टी.त चालक आहेत. मी अक्षरे लावून वाचलेली पहिली पाटी हीच. विमानात मी अजून बसलेलो नाही. पण वैमानिकांच्या प्रशिक्षणाविषयी वाचताना तिची आठवण झाली.

२९ डिसेंबर १९७२ ची रात्र. अमेरिकेतील ईस्टर्न एअर लाइन्सचे ४०१ क्रमांकाचे विमान न्यूयॉर्कहून येऊन मायामीस उतरण्याच्या बेतात होते. पुढचे चाक नीट बसल्याचे दाखविणारा हिरवा दिवा लागेना. वैमानिकांनी विमान दोन हजार फुटांवर नेऊन स्वयंचलित यंत्रणेच्या स्वाधीन केले आणि सारे त्या दिव्याच्या मागे लागले. बहुधा सुकाणूला धक्का लागून उंची राखणारी यंत्रणा सुटली. विमान हळूहळू खाली येऊ लागले. इशाऱ्याचा नाद झाला, तोही कोणाच्या ध्यानी आला नाही. खाली दलदल, सर्वत्र काळोख. १७६ जणांपैकी १०१ जण प्राणांस मुकले. चाक व्यवस्थित उतरलेले होते. दिव्याचे बल्ब तेवढे गेले होते! अखेरची चार मिनिटे उपकरणांवर कोणाचेच पुरेसे लक्ष नव्हते, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

हे वैमानिक नवशिके नव्हते. एका गोष्टीत मन गुंतले की दुसरी सुटते, हा मनुष्यस्वभावच आहे. म्हणून केवळ 'लक्ष द्या' अशी ताकीद देऊन भागत नाही. लक्षाची वाटणी शिकवावी लागते. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरच्या हुबेहूब विमानकक्षात प्रशिक्षक मुद्दाम एखादा बिघाड घडवितो आणि त्या वेळी विमानाकडे कोण पाहत होते, हे तपासतो. आधी विमान सांभाळावे, मग दिशा पाहावी, नंतर बोलावे, हा क्रम. एकाने विमान चालवावे, दुसऱ्याने बिघाड पाहावा, आणि ही वाटणी मोठ्याने बोलून करावी. ज्येष्ठाची चूक कनिष्ठाने संकोच न करता दाखवावी. अमेरिकेत १९८१ पासून दहा हजार फुटांखाली वैमानिकांना कामाव्यतिरिक्त बोलण्यास बंदी आहे. ही त्यांची 'चालकाशी बोलू नये'ची पाटीच म्हणायची!

ही हकिगत मी वडिलांना सांगितली. ते म्हणाले, "गाडी बिघडली तर आधी कडेला घ्यायची, मग खाली उतरून बघायचं."

आकाशात कडेला घेण्याची सोय नाही. म्हणूनच तेथे एकाने सुकाणू सोडायचे नसते.