आकडा तोच, माप वेगळे

४० म्हणजे नेमके काय? फॉर्मल शर्टवर बहुधा कॉलरचा घेर, सेंटिमीटरमध्ये. कुर्त्यावर छाती, इंचांत. जीन्सवरचा ३२ म्हणजे कंबर, तीही इंचांत. टेप लावला तर मात्र जीन्स अनेकदा त्याहून जास्त भरते. १ इंच = २.५४ सेंटिमीटर.

एस, एम, एल, एक्सएल : या अक्षरांमागे सर्वमान्य माप नाही. तक्ता ज्याचा त्याचा.

अंगाचे माप, कपड्याचे माप : ३८ इंच छातीचा शर्ट प्रत्यक्षात त्याहून काही इंच मोठा बेतला जातो, हालचालीसाठी. स्लिम फिटमध्ये ही ढिलाई कमी.

व्हॅनिटी सायझिंग : कपडा मोठा, छापील आकडा लहान. गिऱ्हाईक खूश.

अमेरिका : १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेतली गेली. १९५८ मध्ये प्रमाण मापे जाहीर झाली, १९८३ मध्ये मागे घेतली गेली.

भारत : वस्त्रोद्योग मंत्रालय व ‘निफ्ट’ ही फॅशन शिक्षणसंस्था यांचा ‘इंडियासाइज’ प्रकल्प. मुंबईसह सहा शहरांत, १५ ते ६५ वयोगटातील २५,००० जणांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचे उद्दिष्ट होते.

ट्रायलनंतर : ट्रायल रूममध्ये नीट बसलेला सुती कुर्ता पहिल्या धुण्यात आटू शकतो. लेबलवर ‘प्री-श्रंक’ (आधीच आटवलेले) असल्यास ही शक्यता कमी.