विश्लेषण : खासगी मालकीचे मातीचे धरण किती सुरक्षित? ‘श्रेणी’ नेमके काय सांगते?

पावसाळा आला की ठाणे, कल्याण-डोंबिवलीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘बारवी भरले’, ‘भातसाचे दरवाजे उघडले’ असे मेसेज फिरू लागतात. बारवी एमआयडीसीचे, भातसा जलसंपदा विभागाचे. त्यांच्या पाणीपातळीवर यंत्रणांचे लक्ष असते. पण कंपनीने किंवा जमीनमालकाने ओढ्यावर बांधलेल्या मातीच्या लहान धरणाचे काय?

खासगी धरणाला कायदा लागू होतो का?

होतो. धरण सुरक्षा कायदा, 2021 मध्ये मालक सरकारी की खासगी, असा भेद नाही. टाटा पॉवरच्या मुळशी धरणालाही तो लागू आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे मालकाला बंधनकारक आहे. मात्र अट उंचीची आहे. 15 मीटरपेक्षा उंच धरणे थेट कायद्यात येतात. 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांसाठी किमान 500 मीटर लांबी किंवा किमान 10 लाख घनमीटर साठा, अशा अटींपैकी एक पूर्ण व्हावी लागते. त्याहून लहान बांध या कायद्याबाहेर राहतात.

श्रेणी कशी ठरते?

इथे दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला, धरणाची प्रकृती कशी आहे? तपासणीतील त्रुटींचे तीन वर्ग आहेत : धरण फुटू शकेल अशा गंभीर त्रुटी पहिल्या वर्गात, तातडीने दुरुस्ती हवी अशा दुसऱ्या, तर किरकोळ त्रुटी तिसऱ्या वर्गात. दुसरा प्रश्न, धरण फुटलेच तर नुकसान किती? हे खालच्या बाजूच्या वस्तीवर ठरते. म्हणजे धरण आहे तसेच राहिले, तरी ओढ्याकाठी नवी घरे किंवा रिसॉर्ट उभे राहिले की धोका वाढतो.

चांगला शेरा पुरेसा आहे का?

नाही. अमेरिकेत मिशिगनमधील खासगी मालकीच्या इडनव्हिल धरणाचा वीजनिर्मिती परवाना 2018 मध्ये रद्द झाला. पुराचे पाणी सोडण्याची क्षमता अपुरी, हे त्याचे मोठे कारण. त्यानंतरच्या राज्याच्या तपासणीत धरणाची स्थिती ‘ठीक’ ठरली. 19 मे 2020 रोजी मातीचा भराव खचून ते फुटले. सुमारे 10 हजार लोकांना घरे सोडावी लागली. वेळीच हलवल्याने जीव वाचले.

चिपळूण तालुक्यातील तिवरे धरणाखालच्या लोकांना ती संधी मिळाली नाही. हे धरण सरकारी, पण मातीचेच. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. 2 जुलै 2019 च्या रात्री धरण फुटले आणि 20 हून अधिक जणांचा बळी गेला.

काय पाहावे?

मातीच्या धरणातून थोडे स्वच्छ पाणी पाझरणे नेहमीचे असते. पाझर अचानक वाढला किंवा गढूळ झाला, तर आतली माती वाहून जात असल्याची शक्यता असते. भरावावर भेगा, खचलेला माथा, झाडाझुडपांनी बुजलेला सांडवा हीही धोक्याची चिन्हे. पाणी माथ्यावरून वाहू लागले, तर मातीचा भराव झपाट्याने कापला जातो. असे काही दिसल्यास ओढ्याकाठापासून दूर व्हावे आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 वर कळवावे. ग्रुपवर व्हिडिओ टाकणे त्यानंतर.