चार हार्ड डिस्क, पण सर्व्हरला दिसते एकच! हे नेमकं होतं कसं?

विंडोजवर सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह असे कप्पे आपण रोज बघतो. युनिक्स किंवा लिनक्स सर्व्हरवर मात्र ते दिसतच नाहीत. तिथे ‘रूट’पासून सुरू होणारं फोल्डरचं एकच झाड असतं. डिस्क कितीही असोत, त्या याच झाडाच्या फांद्यांना जोडल्या जातात. यालाच ‘माउंट करणं’ म्हणतात.

मग डिस्कचे तुकडे कशाला?

सर्व्हर स्वतःच्या कामाची नोंद लॉग फाइलमध्ये सतत करत असतो. एखाद्या बिघाडामुळे या फाइल भराभर फुगल्या आणि सगळा डेटा एकाच पार्टिशनवर असेल, तर डेटाबेसलाही लिहायला जागा उरत नाही. लॉगचं पार्टिशन वेगळं असेल, तर तेवढंच भरतं.

आणि कप्पा लहान पडला तर?

त्यासाठी लिनक्समध्ये एलव्हीएम, म्हणजेच लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर आहे. तो अनेक डिस्कची जागा एकत्र करून एक सामायिक साठा बनवतो आणि त्यातून हवे तेवढे कप्पे काढून देतो. नवी डिस्क जोडली की साठा वाढतो आणि मग कप्पाही वाढवता येतो.

पण डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यातली एखादी बिघडण्याची शक्यताही जास्त. नुसत्या जोडलेल्या डिस्कपैकी एक गेली, तर पूर्ण कप्पाच धोक्यात येतो.

इथे कामी येतं ‘रेड’

१९८८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका शोधनिबंधात ही कल्पना मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापरायच्या आणि थोडी जागा सुरक्षेसाठी खर्च करायची. समजा, ४ टीबीच्या चार डिस्क आहेत:

• रेड ०: १६ टीबी जागा, पण एक डिस्क गेली की सगळं गेलं.
• रेड ५: १२ टीबी जागा, कोणतीही एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत.
• रेड १०: ८ टीबी जागा, सगळा डेटा दोन-दोन डिस्कवर.

मग बॅकअपची गरज संपली?

अजिबात नाही. रेड फक्त डिस्कच्या बिघाडापासून वाचवतं. चुकून फाइल डिलीट केली, तर ती दोन्ही प्रतींमधून त्याच क्षणी जाते. रॅन्समवेअर घुसलं किंवा सर्व्हरच जळाला, तरी तेच. म्हणून एक प्रत या सर्व्हरच्या बाहेर, दुसऱ्या जागी हवीच. आणि ती खरंच उघडते का, हेही अधूनमधून तपासायला हवं.