वॅलग्रिंड आता चुकीचा उगमही सांगतं

सी किंवा सी++ मध्ये व्हेरिएबल जाहीर केलं आणि त्यात किंमत भरायची राहिली, तर मेमरीच्या त्या जागेत आधीचा जो कचरा असेल तोच वापरला जातो. प्रोग्रॅम कधी बरोबर चालतो, कधी नाही. अशा चुका पकडायला वॅलग्रिंड हे मोफत साधन आहे. (उच्चार 'ग्रिंड', 'ग्राइंड' नव्हे.)

पण इशारा मिळायचा तो कचऱ्यामुळे प्रोग्रॅमचा एखादा निर्णय ठरतो त्या ओळीवर. तोवर ती किंमत अनेक फंक्शनांमधून फिरलेली असू शकते. जानेवारी २००९ मधल्या ३.४.० आवृत्तीत 'ट्रॅक-ओरिजिन्स' हा पर्याय आला. आता ती जागा मुळात कुठे घेतली, मॅलॉकने की एखाद्या फंक्शनच्या स्टॅकवर, हेही इशाऱ्याखाली दिसतं.

याचं मोल कळायला डेबियन लिनक्सचं उदाहरण पुरे. २००६ मध्ये असेच इशारे थांबवण्यासाठी तिथल्या ओपनएसएसएलमधली एक ओळ दोन ठिकाणांहून काढली गेली. एका ठिकाणी ती निरुपद्रवी होती. दुसरीकडे मात्र किल्ल्या बनवायला लागणारा खरा यादृच्छिक डेटा तिच्यातूनच आत येत होता! उरला फक्त प्रोसेस क्रमांक, म्हणजे जेमतेम ३२ हजार शक्यता. मे २००८ मध्ये हे उघड झालं, तेव्हा त्या काळात बनलेल्या किल्ल्या बदलाव्या लागल्या.

वॅलग्रिंडखाली प्रोग्रॅम एरवीही २०-३० पट मंद चालतो. हा पर्याय वेग आणखी निम्म्यावर आणतो, वर किमान १०० एमबी मेमरी घेतो. म्हणून आधी साधी तपासणी करावी, आणि इशारा आला तरच तो चालू करावा.