खुन्याची जन्मकथा आणि पाकातलं रक्त

साखरेचा पाक उघडा राहिला की वाळताना कडेनं साखर धरतो, हे बेलापुरात कुणाला शिकवायला नको. (प्रवराकाठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं बेलापूर, नवी मुंबईतलं नव्हे.) हा सगळा पट्टाच उसाचा आणि कारखान्यांचा. सिनेमासाठी खोटं रक्त बनवणाऱ्याला हीच अडचण आधी सोडवावी लागते. नुसत्या पाकाचं रक्त दिव्यांच्या उष्णतेत दाणेदार होतं आणि जखम खरी वाटेनाशी होते. म्हणून मिठाईवाले वापरतात तो लिक्विड ग्लुकोज घेतात. मक्याच्या स्टार्चपासून केलेला हा घट्ट द्राव सुकल्यावरही ओला असल्यासारखा चकाकतो. हॉलिवूडमध्ये त्याच जातीचं कॉर्न सिरप वापरतात.

त्यात नुसता लाल रंग घातला तर सरबत होतं. डिक स्मिथ हा ‘द गॉडफादर’ आणि ‘टॅक्सी ड्रायव्हर’चा रंगभूषाकार. तो लालात थोडा पिवळा मिसळायचा, आरपार दिसू नये म्हणून झिंक ऑक्साइड घालायचा आणि रक्त कापडात चटकन मुरावं म्हणून फोटो धुताना वापरायचं एक रसायन. ते विषारी, त्यामुळे हे रक्त नटाच्या तोंडात घालायची सोय नव्हती. तोंडातल्या रक्ताला खाण्याजोगेच पदार्थ लागतात. ‘सायको’ (1960) कृष्णधवल असल्यामुळे हिचकॉकचं काम चॉकलेट सिरपवर भागलं.

गळा चिरण्याचं दृश्य जवळून पाहिलं तर त्यातली हातचलाखी कळते. सुरीच्या पात्याला गळ्याच्या गोलाईइतकी खाच असते. कॅमेऱ्याच्या पलीकडच्या बाजूनं बारीक नळी आणलेली असते आणि तिच्या टोकाला पिचकारी किंवा रबरी फुगा. सुरी ओढणारा आणि फुगा दाबणारा यांचा ताल जुळला तरच प्रेक्षक डोळे मिटतो. अर्ध्या सेकंदाची चूक झाली तर थिएटरात हशा पिकतो.

एवढा खटाटोप सगळ्यात जास्त लागतो तो स्लॅशरच्या प्रीक्वेलला. स्लॅशर म्हणजे एक खुनी, एक हत्यार आणि एकेक करून मरणारी तरुण मंडळी. प्रीक्वेल म्हणजे त्याच खुन्याची आधीची कथा. नमुना म्हणून ‘द टेक्सास चेनसॉ मॅसकर: द बिगिनिंग’ (2006) घेऊ. टोबी हूपरचा मूळ सिनेमा 1974 चा, त्याची नवी आवृत्ती 2003 ची आणि या नव्या आवृत्तीच्या आधीची हकिकत जोनाथन लीबेसमननं 2006 मध्ये सांगितली. नव्या आवृत्तीची कथा 1973 मध्ये घडते, प्रीक्वेलची 1969 मध्ये. सुरुवातीला कत्तलखान्यात एक मूल जन्माला येतं. मोठेपणी ते तिथंच कामाला लागतं, कत्तलखाना बंद पडतो आणि पहिला खून होतो. करवत हातात कशी आली, चेहऱ्यावर माणसाच्या कातडीचा मुखवटा कसा चढला, खोटा शेरीफ कुणाचा गणवेश घालून फिरतो, म्हाताऱ्या काकाचे पाय कुठं गेले, या सगळ्याचा हिशेब एकेक करून चुकता होतो.

गोची इथंच आहे. खुनी पुढच्या सिनेमातही आहे, म्हणजे तो मरणार नाही. प्रीक्वेलमध्ये त्याच्या तावडीत सापडलेल्या पोरांचं नाव पुढं कुणी घेत नाही, म्हणजे त्यांच्यातलं कुणी वाचणार नाही. ‘वाचेल का?’ हा प्रश्नच तिकीट काढायच्या आधी निकालात निघालेला असतो. उरतो तो ‘कसं?’. मग ‘कसं’ दाखवायला रक्त, सांधे, दात सगळं पडद्यावर येतं. अमेरिकेच्या मानांकन मंडळाला पटावं म्हणून या सिनेमाला कात्री लावावी लागली आणि पुढं न कापलेली आवृत्ती डीव्हीडीवर वेगळी विकली गेली. उलट 1974 च्या सिनेमात रक्त आठवतं त्याहून कितीतरी कमी आहे. तिथं करवतीचा आवाज आणि न दिसलेला भागच जास्त घाबरवतो.

रक्तपाताचे शौकीन विकृत असतात, असं सरसकट म्हणायची आपल्याकडे सवय आहे. मला ते पटत नाही. त्यातले बरेचजण जादूगाराच्या प्रयोगाला पहिल्या रांगेत बसणाऱ्यांसारखे असतात. हात कुठं फिरला हे त्यांना बघायचं असतं. कातडी सिलिकॉनची की फोम लॅटेक्सची, रक्त खरोखर ओतलं की संगणकानं रंगवलं, यावर ते तासभर वाद घालतील. आणि शरीराचाही भाग आहेच. भीतीनं वाढलेली धडधड दृश्य संपल्यावर लगेच ओसरत नाही, ती सुटकेच्या आनंदात मिसळून तो वाढवते, अशी डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाची मांडणी आहे. प्रीक्वेलमध्ये मात्र सुटका होतच नाही, म्हणून तिथं शौकिनांखेरीज फारसं कुणी रमत नाही.

मराठीनं ही अडचण वेगळ्या रीतीनं सोडवली. ‘झपाटलेला’ (1993) मध्ये महेश कोठारे यांनी तात्या विंचूची जन्मकथा सुरुवातीलाच उरकली: बाबा चमत्कारकडून मंत्र, मग पोलिसांची गोळी आणि बाहुल्यात शिरलेला जीव. पुढचा वेळ रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याला आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजाला मोकळा राहिला.

विशाल फुरियाचा ‘लपाछपी’ 2017 मध्ये प्रदर्शित झाला. तो तर थेट उसात घडतो. गरोदर नेहा (पूजा सावंत) नवऱ्याबरोबर उसाच्या फडाच्या मध्यावर असलेल्या घरात येते आणि तुळसाबाई (उषा नाईक) तिची काळजी घेते. त्या घरात पूर्वी काय घडलं, म्हणजे एरवी ज्याचा प्रीक्वेल निघाला असता तो ऐवज, याच सिनेमाच्या पोटात आहे. ऊस डोक्याच्या वर गेला की चार सऱ्यांपलीकडचं माणूस दिसत नाही आणि पाला वाऱ्यानं वाजला की पाचोळ्यावर कुणी चाललं, हे कळत नाही. बेलापूरच्या शिवारात संध्याकाळी पाण्याची बारी धरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. दिग्दर्शकानं याच गोष्टीवर भिस्त ठेवली आणि रक्त हात राखून वापरलं. हिंदीत त्याचाच ‘छोरी’ (2021) झाला.

माझ्या मते 2006 चा प्रीक्वेल कारागिरीत पक्का आणि भीतीत कच्चा आहे. पाहायचाच असेल तर 1974 चा आधी पाहा, मग हा. उलट क्रमानं पाहिलात तर मूळ सिनेमातली अर्धी भीती फुकट जाईल. हे दोन्ही अठरा वर्षांवरच्यांसाठी. आणि रात्री उसाला पाणी द्यायला जायचं असेल, तर ‘लपाछपी’ दुसऱ्या दिवशी पाहा.