वॉशिंग्टन लाचार होते?

कृष्णवर्णीयांचे नेते बुकर टी. वॉशिंग्टन गोऱ्यांपुढे झुकले आणि त्यांचे टीकाकार ड्यु बॉइस लढले, हे वाक्य अमेरिकेतल्या वर्णसमतेच्या चळवळीवर लिहिताना इतक्यांदा ठोकून दिले जाते की आता ते तपासावे असेही कुणाला वाटत नाही. पुरावा म्हणून १८९५ चे अटलांटातले भाषण पुढे केले जाते. सामाजिक समतेसाठी चळवळ करणे हा अविचार आहे, आधी शेती आणि कारागिरीत पाय रोवा, असे वॉशिंग्टन तिथे म्हणाले, हे खरेच. पण कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेणारी राज्यघटना मिसिसिपीने १८९० मध्येच केली होती. ते पाप या भाषणाच्या माथी मारता येत नाही. शिवाय त्या भाषणाबद्दल खुद्द ड्यु बॉइस यांनी वॉशिंग्टन यांचे अभिनंदन केले होते. अलाबामाने १९०१ मध्ये तशीच घटना आणली, तेव्हा जॅक्सन गाइल्स या कृष्णवर्णीय नागरिकाने तिला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या या खटल्यांना पैसा वॉशिंग्टन गुपचूप पुरवत होते. वकिलाशी होणारा पत्रव्यवहार टोपणनावांनी चाले. ही ऐकीव गोष्ट नाही. इतिहासकार लुई हार्लन यांनी वॉशिंग्टन यांच्याच कागदपत्रांतून ती उजेडात आणली.

यावर विचारले जाते, की हक्क हवेच होते तर ते उघड का मागितले नाहीत? वॉशिंग्टन यांची टस्कीगीची शिक्षणसंस्था अलाबामातच होती आणि तिचा डोलारा गोऱ्या देणगीदारांवर उभा होता. ही अडचण खरी होती, पण ती त्यांना दोषमुक्त करत नाही. गुप्त पैसा कुणाला दिसला नाही, जाहीर नमते बोलणे मात्र सगळ्यांनी ऐकले आणि सोयीने वापरले. ड्यु बॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०५ मध्ये उघडपणे हक्क मागणारी नायगरा चळवळ उभारली, तर वॉशिंग्टन यांनी तिच्यात हेर पेरले. याचे समर्थन होऊच शकत नाही. म्हणजे वाद हक्क हवेत की नकोत असा नव्हताच. ते लपून मिळवायचे की चारचौघांत मागायचे, हा होता, आणि त्यात ड्यु बॉइस बरोबर होते. वॉशिंग्टन यांच्या गुप्त पैशावर लढलेले गाइल्स सर्वोच्च न्यायालयात दोन्ही वेळा हरले. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या संघटनेने, जिच्या संस्थापकांत ड्यु बॉइस होते, न्यायालयाचा हाच मार्ग उघडपणे आणि संघटनेच्या बळावर धरला; शाळांमधली वर्णाधारित विभागणी बेकायदा ठरवणारा १९५४ चा ब्राउन खटला त्याच वाटेवरचा.

ड्यु बॉइस हस्तकौशल्याच्या शिक्षणाविरुद्ध होते, हेही खोटे. तेवढ्यावरच समाधान माना, याला त्यांचा विरोध होता. ते आयुष्यभर वर्णाधारित वेगळेपणाच्या विरोधात ठाम राहिले, हेही अर्धेच खरे, कारण कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या वेगळ्या सहकारी संस्था उभाराव्यात या भूमिकेवरूनच १९३४ मध्ये ते एनएएसीपीतून बाहेर पडले. आणि या चळवळीशी आपला धागा फक्त गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्यातून जातो असे मानणाऱ्यांनी डॉ. आंबेडकरांचे १९४६ चे पत्र वाचावे: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी ड्यु बॉइस यांच्याकडेच मागितली होती.