‘फरक आढळला नाही’ म्हणजे फायदा नाही का?

घरातली आजी घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, की प्रश्न येतो: ऑपरेशन लगेच करायचं, की थोडं थांबलं तर चालेल?

यावरचा एक मोठा अभ्यास २०२० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. भारतासह १७ देशांतली ६९ रुग्णालयं आणि ४५ वर्षांवरचे २,९७० रुग्ण त्यात होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाचं ऑपरेशन निदानानंतर साधारण ६ तासांत झालं, दुसऱ्याचं २४ तासांत. तीन महिन्यांत पहिल्या गटात शंभरातले ९ जण दगावले, दुसऱ्यात १०.

निष्कर्ष निघाला, ‘लक्षणीय फरक नाही’. म्हणजे काय? खरा फरक मुळीच नसता, तरी केवळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात ४० होती. ती ५ पेक्षा कमी असेल तरच ‘लक्षणीय’ म्हणायची रीत आहे. म्हणून फायदा सिद्ध झाला नाही. पण सिद्ध न होणं वेगळं आणि फायदा नसणं वेगळं.

दुसरी एक रीत आहे, थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या नावाची. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापला गेला. ही रीत आपण बियाणं निवडताना वापरतोच. घरचं, दरवर्षी चांगलं उगवणारं बियाणं गोणपाटात तपासलं आणि दहातले सातच दाणे उगवले, तर आपण ते लगेच टाकून देत नाही. अनोळखी दुकानातल्या बियाण्याचे सातच उगवले, तर मात्र शंका घेतो. आधीची माहिती आणि नवा पुरावा, दोन्ही मिळून मत बनतं.

आधीचा कुठलाच कल न धरता या अभ्यासाच्या आकड्यांचा असा हिशेब मांडला, तर लवकर ऑपरेशननं थोडे तरी जीव वाचत असण्याची शक्यता शंभरात सुमारे ७९ येते. मृत्यू पाव हिश्श्यानं किंवा त्याहून जास्त घटण्याची शक्यता मात्र जेमतेम ५. म्हणजे छोटा फायदा बराच संभवतो, मोठा फारसा नाही. ‘फरक नाही’ या दोन शब्दांत हे सगळं झाकलं जातं.

या रीतीतही सावधपणा हवा. आधीचा कल काय धरला, हे उघड सांगितलं पाहिजे. नाहीतर हवं ते उत्तर काढता येतं.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ही तुलना ६ तास आणि २४ तासांची होती. आजीला आठ-आठ दिवस घरी झोपवून ठेवलं तरी चालतं, असं हा अभ्यास कुठेही सांगत नाही. शिवाय लवकर ऑपरेशन झालेल्यांत भ्रम होण्याचं प्रमाण शंभरात ९ होतं, दुसऱ्या गटात १२.

म्हणून कुणी म्हणालं, ‘अभ्यासात फरक आढळला नाही’, तर तीन प्रश्न विचारा. कशाची कशाशी तुलना केली? किती माणसं होती? आणि थोडा फायदा असण्याची शक्यता किती उरते? बचत गटाच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.